पाच स्टेशनं, बत्तीस वर्षं

१५ डिसेंबर २०१९ ला यू-टू हा आयरिश बँड नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आला आणि त्यानं आपला ‘द जोशुआ ट्री’ हा अल्बम पहिल्या गाण्यापासून अकराव्यापर्यंत, मूळच्या क्रमानं वाजवला. खांदेश्वरहून नेरूळ पाचवं स्टेशन. अल्बम मात्र १९८७ चा. तेव्हा हार्बर लाइन मानखुर्दला संपायची आणि खांदेश्वर हे स्टेशन सिडकोच्या एखाद्या नकाशात असलं तर असेल. पाच स्टेशनांवर यायला त्या अल्बमाला बत्तीस वर्षं लागली, पण मैदानात आलेल्यांना तो नवा नव्हता. कुणाकडे त्याची कॅसेट होती, कुणी तो केबलवरच्या एमटीव्हीवर ऐकला होता, कुणाच्या हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवर तो एका फोल्डरमध्ये पडलेला होता. जानेवारी २०२५ मध्ये त्याच मैदानावर कोल्डप्लेचे तीन शो झाले, तेव्हाही तेच. लंडन-डब्लिनचं संगीत आमच्यापर्यंत पोचतं. उशिरा का होईना, पोचतं.

आता दुसरं उदाहरण घ्या. १९८४ साली गोव्यात, शिवोलीच्या आपल्या घरी बसून रेमो फर्नांडिस यांनी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम जवळजवळ एकट्यानं केला. गाणी त्यांची, आवाज त्यांचा, वाद्यंही बहुतांशी त्यांचीच. कॅसेटी स्कूटरवर लादून दुकानोदुकानी पोचवल्या त्याही त्यांनीच. ज्याला आज जग ‘इंडी’ म्हणतं त्याचं इतकं चोख उदाहरण आपल्या शेजारी, कोकण रेल्वेच्या वाटेवर, ‘द जोशुआ ट्री’च्या तीन वर्षं आधी घडलं होतं. तरी माझ्या ओळखीच्या रॉकवेड्यांपैकी बहुतेकांना डब्लिन आधी सापडलं आणि शिवोली कितीतरी नंतर.

या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला मी तयार झालो तो या उलट्या अंतरामुळे. पनवेल ते वाशी या पट्ट्यात राहणाऱ्या श्रोत्यांनी आपापल्या आवडीच्या रॉक आणि इंडी अल्बमांवर लिहिलेले लेख इथे एकत्र आले आहेत. पुस्तक वाचणाऱ्याला नवे अल्बम सापडावेत हा उघड हेतू. पण लेख एकामागून एक वाचत गेल्यावर मला त्यांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू आली: सगळ्यात जवळचा अल्बम सगळ्यात शेवटी सापडतो. असं का होतं आणि त्यावर काय करता येईल, हे या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्याला आधी कळलं तर पुढची वाट सोपी होईल.

थोडी ओळख आधी करून देतो. जाणकारांनी हा भाग ओलांडून जावा. रॉक म्हणजे ढोबळमानानं विजेवरची गिटार, बेस, ड्रम आणि आवाज यांचं संगीत, जे पन्नाशीच्या दशकात अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लूज आणि रिदम-अँड-ब्लूजमधून निघालं आणि साठीत इंग्लंडमार्गे जगभर गेलं. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथनं १९७० मध्ये त्यातून हेवी मेटल काढलं. पिंक फ्लॉइडसारख्यांनी लांबलचक रचनांचा प्रोग्रेसिव्ह रॉक केला, आणि त्या पसाऱ्याला कंटाळून १९७६-७७ मध्ये पंकवाले तीन कॉर्डांवर परत आले. इंडीचा उगम या शेवटच्या बंडात आहे. जानेवारी १९७७ मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्सनं उसन्या पैशांवर चार गाण्यांची ‘स्पायरल स्क्रॅच’ ही तबकडी स्वतःच काढली, आणि मोठ्या कंपनीशिवाय रेकॉर्ड निघू शकते हे इतरांना दिसलं. लंडनचं रफ ट्रेड हे दुकान अशा तबकड्या विकता विकता १९७८ मध्ये स्वतः लेबल झालं. पुढे सिअ‍ॅटलच्या सब पॉप या छोट्या लेबलवरून निर्वाणा आली, १९९१ मध्ये ‘नेव्हरमाइंड’ मोठ्या कंपनीकडून निघाला, आणि इंडी कुठे संपतं नि बाजार कुठे सुरू होतो हा वाद तेव्हापासून चालू आहे. आपल्याकडे तो वाद नाही. भारतात मोठी कंपनी म्हणजे सिनेमा. जे सिनेमात नाही ते इंडी, मग त्यात मेटल आलं, गझल-रॉक आला आणि एकट्या मुलीनं लॅपटॉपवर केलेलं संगीतही आलं.

गाणं सोडून अल्बमच का, असं तरुण वाचक विचारतील. मराठी माणसानं हा प्रश्न विचारू नये असं मला वाटतं. १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण आठवड्याला एक गाणं या गतीनं प्रसारित झालं. छप्पन्न गाणी, एक कथा, ठरलेला क्रम. गाण्यांच्या क्रमालाही अर्थ असतो हे आपल्या आजी-आजोबांना बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ निघण्याच्या बारा वर्षं आधी ठाऊक होतं. १९७४ साली शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीला हृदयनाथ मंगेशकरांनी लताबाईंच्या आवाजात ‘शिवकल्याण राजा’ केला. रामदास, भूषणापासून पुढच्या कवींपर्यंतची रचना, मध्ये बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. पाश्चात्त्य समीक्षक ज्याला कन्सेप्ट अल्बम म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीनं एलपी बाजारात आणली. तीन-चार मिनिटांच्या ७८ च्या तबकडीत कोंबलेला ख्याल तिच्यामुळे एका बाजूला वीस-बावीस मिनिटं पसरू शकला. तोच अवकाश रॉकवाल्यांनी साठीच्या मध्यावर ताब्यात घेतला. दोन्हीकडे अट एकच होती, ऐकणाऱ्यानं बसून राहायचं.

तेव्हा आपल्याकडे काय घडत होतं? बरंच. आणि तेही फार लांब नाही. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पन्नाशीच्या अखेरीस ‘द हेक्टिक्स’ नावाचा मुलांचा बँड होता. त्यात पियानो वाजवणारा फारूख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. १९७० आणि १९७१ मध्ये सिमला या सिगारेटच्या जाहिरातीसाठी देशभरातल्या बँडांची स्पर्धा झाली आणि तिच्या दोन एलपी निघाल्या. भारतीय रॉकचे पहिले दस्तऐवज सिगारेटच्या पैशातून निघावेत हे त्या काळाला शोभणारंच. १९७१ मध्येच लोणावळ्याजवळ मळवलीला ‘स्नेहयात्रा’ हा खुल्या मैदानातला महोत्सव झाला. जॉर्ज हॅरिसननं जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांबरोबर ध्वनिमुद्रण केलं होतं, आणि १९७२ मध्ये लेड झेपलिनचे पेज आणि प्लँट मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर वाजवून गेले. हे प्रसंग रॉकच्या सगळ्या इंग्रजी चरित्रांत येतात. त्यांच्यासोबत वाजवणाऱ्या मुंबईकरांची नावं मात्र शोधावी लागतात.

अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट या मुंबईच्या बँडचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. सत्तरीत हॉटेलांतून आणि क्लबांतून वाजवणारा हा बँड. त्यांचा ‘ऑब्सेशन ’७७’ हा एकमेव अल्बम निघाला १९८१ मध्ये, म्हणजे बँड जवळपास मोडल्यावर. तो इथे कुणाला फारसा ऐकू आला नाही. २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन या लेबलनं त्याची नवी आवृत्ती काढली आणि मग मुंबईतल्या तरुणांना मुंबईचा बँड कॅलिफोर्नियामार्गे कळला. चरणजित सिंग यांचंही तसंच. सिनेमासंगीतात वाजवणाऱ्या या वादकानं १९८२ मध्ये सिंथेसायझर आणि रिदम मशीनवर दहा राग बसवले. तो अल्बम २०१० मध्ये एका डच संग्राहकानं पुन्हा काढला, तेव्हा युरोपच्या क्लबांतून गाजावाजा झाला. हे काही रॉक नव्हे, पण सापडण्याची तऱ्हा हुबेहूब तीच आहे. आपल्या माळ्यावरची वस्तू परदेशातून पार्सलनं यावी लागते.

मराठी वाचकासमोर मी सगळ्यात आधी ठेवीन ते नाव नंदू भेंडे यांचं. आत्माराम आणि आशा भेंडे या नाट्यवेड्या दांपत्याचा हा मुलगा इंग्रजी रॉक गात मोठा झाला. १९७४ मध्ये अ‍ॅलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यानं ज्यूडासची भूमिका गायली. आणि १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीनं जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगमंचावर आणला. ब्रेख्तचं नाटक, पु. लं.ची मराठी संहिता, आणि संगीतकारांत भास्कर चंदावरकर आणि आनंद मोडक यांच्या जोडीला नंदू भेंडे. लावणी, नाट्यसंगीत आणि रॉक एकाच प्रयोगात, आणि तेही चोरांच्या दुनियेच्या गोष्टीत! रॉक मराठीत चपखल बसतो का, या प्रश्नाचं उत्तर १९७८ मध्येच मिळालेलं होतं. दुर्दैव असं की नाटक संपलं की त्याचं संगीत प्रेक्षकांच्या आठवणीत राहतं, दुकानाच्या फडताळात राहत नाही. भेंडे पुढे ‘डिस्को डान्सर’मध्येही गायले, २०१४ मध्ये गेले, आणि आज त्यांचं नाव रॉकवाल्यांत नाटकवाला म्हणून आणि नाटकवाल्यांत रॉकवाला म्हणून घेतलं जातं. त्यांनी उघडलेल्या दारातून मराठी बँडांची रांग आत यायला हवी होती. ती आली नाही. मराठीनं त्या काळात नाटकाला वाहून घेतलं होतं, आणि रॉक वाजवणारी मराठी मुलं इंग्रजीत गात होती.

ही मुलं कमी नव्हती. १९८६ मध्ये धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक सुरू झाला. आय-रॉक या नावानं ओळखल्या जाणाऱ्या त्या खुल्या मंचावर दोन-तीन पिढ्यांनी आपली स्वतःची गाणी पहिल्यांदा वाजवली. त्याच रंगभवनात १९८० मध्ये द पोलीस हा बँडही वाजवून गेला होता. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमानं रंगभवन गप्प झालं, आणि कळपानं ऐकायची ती जागा मुंबईला पुन्हा मिळाली नाही. मुंबईच्याच रॉक मशीननं १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ काढला, १९९३ मध्ये आपलं नाव बदलून इंडस क्रीड केलं, आणि तबला-सारंगीच्या अंगानं इंग्रजी रॉक वळवून पाहिला. त्यातले गिटारवादक महेश तिनईकर. हे आडनाव वाचून माझ्या पिढीच्या कित्येक मराठी पोरांनी वडिलांपुढे गिटारचा हट्ट धरला असेल.

यानंतरच्या प्रवाहांची नुसती नोंद करतो, कारण पुस्तकातले लेख तिकडेच जास्त वळले आहेत. कोलकात्यात मोहिनेर घोडागुलींनी १९७५ पासून बांगलेत गाऊन दाखवलं होतं. दिल्लीच्या इंडियन ओशननं २००० च्या ‘कंदिसा’मध्ये नर्मदाकाठचं लोकगीत आणि सुरियानी प्रार्थना एका पंगतीला बसवली. त्यांचे राहुल राम नर्मदा आंदोलनात काम केलेले, म्हणून तो अल्बम नंदुरबार-धुळ्याकडच्या श्रोत्याला वेगळा लागतो. पुण्याच्या अग्नीनं हिंदी रॉकला घरगुती गोडवा दिला. केरळच्या अवियलनं २००८ मध्ये मल्याळममध्ये असा अल्बम काढला की भाषेचा मुद्दाच मिटला. मुंबईत पेंटाग्राम १९९४ च्या आसपासपासून इलेक्ट्रॉनिक संगीत आणि रॉक एकत्र ढवळत होता. त्याचा गायक विशाल दादलानी, जो तुम्हाला सिनेमातून माहीत आहे. मेटलवाल्यांनी तर स्वतःचं वेगळं राज्यच उभारलं. डिमॉनिक रिझरेक्शनच्या साहिल माखिजानं लेबल काढलं, घरात स्टुडिओ केला, इतर बँडांच्या रेकॉर्ड काढल्या. त्यांचा २०१७ चा ‘दशावतार’ ऐकताना कीर्तनात वाढलेल्या माणसाला गोष्ट आधीच पाठ असते. फक्त नृसिंह किती जोरात गर्जतो याची त्याला कल्पना नसते.

माझ्या मते या सगळ्यातला बहराचा काळ म्हणजे साधारण २००७ ते २०१७. लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये २००७ च्या डिसेंबरात ब्लू फ्रॉग सुरू झालं, जिथे लोक बँडची स्वतःची गाणी ऐकायला तिकीट काढून येत. २०१० मध्ये पुण्यात एनएच-सेव्हन वीकेंडर हा महोत्सव भरला आणि एका दुपारी पाच मंचांमधून पळत नवे बँड शोधायची चटक एका पिढीला लागली. आयआयटीच्या मूड इंडिगोत २००९ मध्ये पॉर्क्युपाइन ट्री येऊन गेला. रोलिंग स्टोनची भारतीय आवृत्ती २००८ पासून निघू लागली होती. त्याच्या पंधरा वर्षं आधी अलाहाबादहून रॉक स्ट्रीट जर्नल निघत होतंच, आणि छोट्या गावातल्या रॉकवेड्याला देशात आपल्यासारखे आणखी आहेत हे त्या मासिकानं कळवलं. २०१६ मध्ये ब्लू फ्रॉग मिटलं. त्याच वर्षी फेब्रुवारीअखेर ऱ्हिदम हाउस हे काळा घोड्याचं रेकॉर्डचं दुकानही.

ऱ्हिदम हाउसवर शोकलेख पुष्कळ लिहून झाले. मला त्यात एक गोष्ट राहून गेलेली वाटते. तिथला काउंटरवरचा माणूस तुम्ही काय विकत घेता याबरोबरच काय परत ठेवता हेही पाहत असे. पनवेलसारख्या ठिकाणी तेच काम कॅसेट भरून देणारा करी. वहीत गाणी लिहून द्यायची, कोरी कॅसेट द्यायची, आठवड्यानं न्यायची. शेवटी चार-पाच मिनिटं फीत उरली की तो आपल्या मनानं एखादं गाणं टाकून देई. ते गाणं बऱ्याचदा यादीतल्या सगळ्या गाण्यांवर मात करी. कायद्यानं ही चोरीच होती. पण निवड माणसाची होती, आणि तो माणूस पुढच्या आठवड्यात समोर भेटायचा, आवडलं का विचारायचा.

आज तो निवाडा अल्गोरिदमकडे गेला. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं, गाना-सावन आधीपासून होतेच. एवढं संगीत एवढ्या स्वस्तात कधीच मिळालं नव्हतं, आणि त्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. पण या यंत्राची काही कळसूत्रं ठाऊक असलेली बरी. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजल्यावर गाणं ‘ऐकलं’ म्हणून मोजलं जातं. त्यामुळे संथपणे उलगडणारी सुरुवात महागात पडते. २०२४ पासून ज्या गाण्याला वर्षभरात हजार श्रवणं मिळत नाहीत त्याला तिथे मानधन मिळत नाही, आणि मराठी किंवा कोकणी बँडच्या अल्बममधली मागची गाणी नेमकी याच फटीत जातात. तिसरी गोष्ट नावांची. मराठी गाण्याचं नाव रोमनमध्ये चार जण चार प्रकारे लिहितात. शोधणाऱ्यानं पाचवं स्पेलिंग टाकलं की गाणं हरवलं. शिवाय गिटार कुणी वाजवली, ध्वनिमुद्रण कुठे झालं, हा तपशील एलपीच्या पाठीवर छापलेला असे. फोनवर तो असला तर तीन टिचक्यांच्या आत दडलेला असतो, आणि बहुधा नसतोच.

म्हणजे जवळचं उशिरा सापडण्याला कारणं आहेत, आणि ती श्रोत्याच्या आळसापेक्षा मोठी आहेत. सिनेमानं दुकानाची दर्शनी जागा घेतली. इंग्रजी मासिकं बंगळूर-दिल्ली-मुंबईच्या मोजक्या जागांपलीकडे पाहत नव्हती. यंत्र तुम्हाला तुमच्यासारख्या लाखोंनी ऐकलेलं सुचवतं, आणि शेजारच्या गावातल्या बँडला लाख श्रोते नसतात. पण एक कारण आपल्या पदरातलंही आहे. मराठीत या संगीतावर लिहिलं गेलं नाही. ज्या भाषेत केशवराव भोळ्यांनी गायकांची व्यक्तिचित्रं लिहिली, वामनराव देशपांड्यांनी १९६१ मध्ये ‘घरंदाज गायकी’ लिहून घराण्यांच्या सौंदर्याचं शास्त्र मांडलं, अशोक रानड्यांनी लोकसंगीतापासून नाट्यसंगीतापर्यंत सगळ्याची चिकित्सा केली, त्या भाषेत रॉकच्या वाट्याला आल्या त्या पुरवणीतल्या ओळखी आणि ‘तरुणाईचा जल्लोष’ अशा बातम्या. खर्जातल्या एका स्वराच्या लावण्यावर दोन पानं लिहू शकणाऱ्या भाषेला गिटारच्या फीडबॅकवर दोन ओळी लिहिता येऊ नयेत, हे मला पटत नाही. ‘लगाव’, ‘आस’, ‘भरणा’, ‘उपज’, ‘जागा’ हे शब्द रॉकला लावून पाहा. थोडे सैल होतात, पण लागतात.

या पुस्तकाचं धाडस इथे आहे. लेखकांपैकी कुणीच व्यावसायिक समीक्षक नाही. नोकरीला जाणारी माणसं आहेत, आणि पुस्तकाची शिस्त त्यांच्या प्रवासातून आली आहे. खांदेश्वरहून सीएसएमटीला लोकलनं सव्वा तासाच्या पुढेमागे लागतो. चाळीस मिनिटांचा अल्बम जाताना एकदा सलग ऐकून होतो, आणि परतीला दुसऱ्यांदा. संपादकांची अट एवढीच होती की ज्यावर लिहायचं तो अल्बम क्रम न मोडता, गाणं न वगळता, अनेकदा ऐकलेला असावा, आणि लेखात निदान एका ठिकाणी लेखकानं आपलं मत का बदललं ते सांगावं. या दुसऱ्या अटीमुळे लेख भक्तिगीतं होण्यापासून वाचले. एका लेखिकेला कोल्डप्ले आवडत नाही, आणि तिनं ते तीन शोंच्या तिकिटांसाठी घरच्यांनी केलेली धावपळ सांभाळून, अतिशय सौम्यपणे लिहिलं आहे.

उणिवाही आहेत. मेटलवरचे लेख प्रमाणाबाहेर झाले आहेत. आमच्या पट्ट्यातल्या मुलांचं ते पहिलं प्रेम, त्याला इलाज नाही. ईशान्य भारतावर फारच थोडं आहे, शिलाँगच्या सोलमेटवर एक टिपण वगळता काही नाही, ही चूक पुढच्या आवृत्तीत सुधारावी. बायका या मंचांवर कमी होत्या आणि पुस्तकातही कमी आहेत. सँड्यून्स या नावानं काम करणाऱ्या सनाया अर्देशीरसारख्या संगीतकार लॅपटॉप आणि कळफलकावर जे करताहेत त्याकडे गिटारच्या चष्म्यातून पाहणं अपुरं पडतं. त्यांच्यावरचा लेख मला पुस्तकातला सर्वांत अस्वस्थ आणि म्हणून चांगला वाटला. मराठीत गाणाऱ्यांत ‘अभंग रीपोस्ट’वर दोन लेख आहेत आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. एकाला वाटतं तुकोबांना डिस्टॉर्शन मानवतं, दुसऱ्याला वाटतं अभंगाची आधीच पाठ असलेली चाल बँडला फार सोपं करून देते. मी दुसऱ्याच्या बाजूचा. जुन्या संतकाव्यावर नवी गिटार चढवणं हा मराठी रॉकचा एकमेव मार्ग ठरू नये. १९७८ च्या त्या नाटकात नवे शब्द, नवी पात्रं होती.

शोधायचं कसं, याबद्दल लेखकांत एकवाक्यता आहे, आणि ती मला मोलाची वाटते: अल्बम धरून बसण्यापेक्षा नावं धरून पुढे जावं. कोण वाजवतं, कुणी मिसळलं, कुठल्या छोट्या लेबलनं काढलं. बँडकॅम्प या संकेतस्थळावर हे तपशील बरेचदा मिळतात आणि पैसेही संगीतकाराच्या खिशाच्या जास्त जवळ पडतात. एलपी घेणाऱ्यांसाठी मुंबईत पुन्हा दुकानं उभी राहिली आहेत, आणि तबकड्या छापायचा कारखाना तर आता नवी मुंबईतच आहे. महोत्सवाच्या पत्रकात मोठ्या नावांखाली बारीक अक्षरांत छापलेली नावं वाचावीत. ख्यालाच्या श्रोत्याला हे सांगायला नको. गायक आवडला की त्याचा गुरू कोण, गुरुबंधू कोण, हे तो आपसूक विचारतो.

कुठून सुरुवात करावी, असं कुणी विचारलं तर मी ब्लॅकस्ट्रॅटब्लूजचा ‘द लास्ट अ‍ॅनलॉग जनरेशन’ हातात देईन. २०१७ चा, मुंबईच्या वॉरन मेंडोन्साचा. शब्द नसल्यासारखेच आहेत, त्यामुळे इंग्रजीची अडचण नाही. गिटार गाते, आणि घाई करत नाही. तो तीनदा ऐकून झाल्यावर त्याच मेंडोन्साचा जुना बँड झीरो काढा, २००५ चा ‘हुक’. तिथे हीच गिटार गाण्यामागे उभी आहे, तरुण आणि थोडी वात्रट. झीरोचा ड्रमर सिद्ध कूटो, तेव्हा पुढची पायरी त्याचा टफ ऑन टोबॅको. आणि वॉरनचे काका लॉय, म्हणजे शंकर-एहसान-लॉय यांतले. त्यांची गाणी तुमच्या फोनमध्ये आधीपासूनच आहेत.